येणे बाकी आठ आणे

वळिवड्याच्या छावणीतून ती चालत आली होती,
वैशाखात, अंगात जाड लोकरीचा कोट.
आप्पांनी विचारलं नाही, कोल्हापुरात कोट कशाला.
तिनं अस्तराची शिवण दातानं तोडली
आणि आतला कागद टेबलावर पसरला.
बर्फाच्या मुलखातून, झडत्यांतून, इराणच्या वाळूतून आलेला,
घड्यांवर चिरलेला.
उंच टोपीचा एक म्हातारा, हातात वाकड्या मुठीची काठी.

बाजारच्या मराठीत म्हणाली:
"संत स्तानिस्वाव. राजा वाईट. हा तोंडावर बोलला.
राजा कापला. तुकडा तुकडा.
मग तुकडा परत एक."

आप्पांनी सागवानाच्या चार पट्ट्या
तिरक्या कापल्या, सरस लावला, कोपरे दाबून धरले.
"व्हय," म्हणाले, "कापल्याबिगर कोपरा जुळत न्हाई."

काच बसते त्या खाचेत, सगळ्या चौकटींवर लिहीत तसं,
पेन्सिलीनं लिहिलं:
बापुसो, पापाची तिकटी. साडेतीन रुपये. येणे बाकी आठ आणे.

पुढं छावणी उठली.
त्याच बराकींत सिंधी माणसं राहायला आली,
त्यांच्याही ट्रंकेत कागदात गुंडाळलेले देव होते.
आप्पांना चौकटींचं काम मिळालं.

एकोणीस वर्षांनी पाकीट आलं.
उघडून पुन्हा चिकटवलेलं.
आतलं पत्र मात्र कुणाला वाचता आलं नसावं:
देवनागरी, डोक्यावर रेघ नसलेली,
खुंटीवरून निसटलेल्या कपड्यांसारखी अक्षरं.
तिकडच्या सरकारात सगळ्या भाषा वाचणारे असतील,
वळिवड्याच्या भाजीबाजाराची मराठी वाचणारा कुठून आणणार?

"प्रिय पान बापुसो,"
(तिकडं गड्याला पान म्हणतात, बाईला पानी.
पोस्टमन यल्लाप्पानं विचारलं, मग चुना कुणाला म्हणतात?)

"संत गावागाव जात होता. पोलीस आला. कागद धरला.
चौकट सोडला. म्हणाला, चौकट संत नाही.
आम्ही चौकट उचलला. रिकामा. खांद्यावर. गावागाव.
आता माणूस जास्त येते. पहिले येत नव्हते ते पण.
चौकटमधून ढग दिसते. बटाटा शेत दिसते. पोलीस दिसते.
साहेब म्हणते, घरी जा, कोळसा देतो, मुलाला नोकरी देतो.
आम्ही भाव कमी करत नाही.
आठ आणे बाकी. विसरली नाही.
पानी लुदविका."

'भाव' ह्या शब्दावर आप्पांनी बोट ठेवलं.
मंडईत शिकली असणार, वांग्यांच्या ढिगाशी हुज्जत घालताना.
मला म्हणाले, "दराचा भाव न्हवं त्यो."
मग जरा थांबून,
"दराचाबी."

त्या दिवशी दुकानात, दर्शनी भिंतीवर,
त्यांनी एक मोकळी चौकट टांगली. काच नाही, पुठ्ठा नाही.
मागचा चुना दिसायचा, एक खिळा, ओल आली की पालीचा डाग.
गिऱ्हाईक विचारायचं, केवढ्याला?
ती विकायची नव्हती.

आणीबाणीत एक साहेब आला. बराच वेळ बघत राहिला.
"कुणाचा फोटो काढून ठेवलास?"
"काढला न्हाई साहेब."
"मग रिकामी का?"
"रिकामी कुठं हाय?"
साहेबानं नाव लिहून घेतलं, गेला.
आई आठवडाभर जेवली नाही धड.

पुन्हा पत्र आलं नाही.
आम्ही तीन पाठवली, एक परत आलं,
त्यावर शिक्का होता, आम्हाला न वाचता येणारा.

मग एका हिवाळ्यात रेडिओनं सांगितलं,
ते सरकार गेलं.
आप्पांना तेव्हा ऐकू कमी यायचं. मी कानाशी ओरडून सांगितलं.
त्यांनी उधारीची वही मागवली,
लुदविकाचं पान काढलं,
मला वाटलं आता खोडतील.

बोटानं चाचपत राहिले आठ आणे.
म्हणाले, "आन कागद?
कागद परत दिला का तिचा?"

मी पुन्हा रेडिओ लावला.
तिथं तोवर उसाच्या दराच्या बातम्या लागल्या होत्या.